औषध हाती देणाऱ्याचे शिक्षण

बारावीचे निकाल जाहीर झाले की जिल्ह्याजिल्ह्यांतून प्रवेशाची धावपळ सुरू होते. विज्ञान शाखेतून उत्तीर्ण झालेल्या, परंतु वैद्यकीय अभ्यासक्रमापर्यंत न पोहोचलेल्या अनेक विद्यार्थ्यांना औषधनिर्माणशास्त्राची पदविका हा मार्ग जवळचा वाटतो. गावात औषधाचे दुकान काढता येते, जिल्हा परिषदेच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध निर्माण अधिकारी म्हणून नोकरीची आशा असते आणि घर सोडून फार दूरही जावे लागत नाही. अलीकडे या विद्यार्थ्यांसमोर आणखी एक मार्ग ठेवला जातो. काही महिन्यांत, घरी बसून, ऑनलाइन शिक्षणाने औषधालयातील प्रमाणित तंत्रज्ञ व्हा, अशा आशयाच्या जाहिराती भ्रमणध्वनीच्या पडद्यावर त्यांना दिसतात. पालक त्याबद्दल गावातील शिक्षकाला किंवा सरपंचाला विचारतात आणि नेमके उत्तर देणे त्यांनाही अवघड जाते.

हे उत्तर देण्यासाठी तीन गोष्टी समजून घ्यावयास हव्यात. औषध देण्याचे काम वस्तुतः कसे असते, अशी ऑनलाइन प्रमाणपत्रे ज्या देशात रूढ आहेत तेथे त्यांना काय अर्थ आहे, आणि आपल्या राज्यात कायद्याने कोणता मार्ग आखून दिलेला आहे, या त्या तीन गोष्टी होत.

कंपाउंडरपासून नोंदणीकृत फार्मासिस्टपर्यंत

जुन्या पिढीतील लोकांना दवाखान्यातील कंपाउंडर चांगला आठवतो. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या चिठ्ठीप्रमाणे तो खलात चूर्ण घोटून पुड्या बांधी, मोठ्या बरणीतील मिश्रण रुग्णाने घरून आणलेल्या बाटलीत ओती आणि एका वेळी किती घ्यावयाचे हे समजावे म्हणून खाचा पाडलेली कागदी पट्टी त्या बाटलीवर डकवून देई. हे ज्ञान बहुधा कामातूनच मिळालेले असे. कोणी परीक्षा दिलेली असे, कोणी केवळ अनेक वर्षे डॉक्टरांच्या हाताखाली राहून शिकलेला असे.

या व्यवसायाला शास्त्रीय शिक्षणाची बैठक असावी, हा विचार आपल्याकडे १९३० नंतर बळावला. कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली त्या वेळी नेमलेल्या औषध चौकशी समितीने औषधांची शुद्धता आणि ती हाताळणाऱ्यांचे शिक्षण या दोन्ही प्रश्नांकडे लक्ष वेधले. १९३२ मध्ये महादेवलाल श्रॉफ यांच्या पुढाकाराने बनारस हिंदू विद्यापीठात औषधनिर्माणशास्त्राच्या शिक्षणाचा आरंभ झाला. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली फार्मसी अधिनियम संमत झाला आणि शिक्षणाचा किमान दर्जा ठरविण्यासाठी फार्मसी कौन्सिल ऑफ इंडिया ही परिषद अस्तित्वात आली.

या अधिनियमाने जुन्या लोकांना एकदम दूर सारले नाही. पहिली नोंदवही तयार करताना कंपाउंडरची परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना, तसेच किमान पाच वर्षे औषधे बनविण्याचे व देण्याचे काम केलेल्यांना तीत स्थान देण्यात आले. मात्र त्यानंतरच्या काळासाठी मान्यताप्राप्त शिक्षणाची अट घालण्यात आली. अधिनियमाच्या कलम ४२ प्रमाणे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध तयार करणे, मिसळणे किंवा देणे हे काम नोंदणीकृत फार्मासिस्टखेरीज इतर कोणी करणे हा शिक्षेस पात्र असा अपराध आहे. औषधे नियमावली, १९४५ मधील नियम ६५ ही असेच सांगतो : चिठ्ठीवरील औषधाची किरकोळ विक्री नोंदणीकृत फार्मासिस्टने स्वतः किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच झाली पाहिजे.

काम सोपे दिसते, पण आहे का?

आज बहुतेक औषधे कारखान्यातूनच पाकिटबंद येतात. त्यामुळे फळीवरचे पाकीट काढून ग्राहकाच्या हाती देणे एवढेच काम उरले आहे, असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु औषध बनविण्याचे काम जसजसे कारखान्याकडे गेले, तसतशी औषध पारखून व समजावून देण्याची जबाबदारी वाढत गेली. याची दोनतीन उदाहरणे पुरेशी आहेत.

लहान मुलांच्या तापावर दिले जाणारे पॅरासिटामॉल दोन प्रकारच्या बाटल्यांत मिळते. ड्रॉप्सच्या छोट्या बाटलीत सामान्यतः १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असते, तर एका नेहमीच्या सिरपमध्ये ५ मिलिलिटरला १२५ मिलिग्रॅम, म्हणजे १ मिलिलिटरला २५ मिलिग्रॅम. औषध एकच, पण एक बाटली दुसरीहून चौपट तीव्र. सिरप ४ मिलिलिटर द्या, असे सांगितलेल्या आईच्या हाती चुकून ड्रॉप्सची बाटली पडली आणि तिने तेवढेच मापून दिले, तर बाळाच्या पोटात १०० ऐवजी ४०० मिलिग्रॅम औषध जाते. अशी चूक दिवसातून चारदा आणि दोनतीन दिवस होत राहिली तर यकृताला इजा होण्याचा धोका असतो. बाटली देताना नाव, तीव्रता आणि माप ही तिन्ही पाहणे व ती आईला समजेल अशा शब्दांत सांगणे, हे काम म्हणूनच लहान नाही.

संधिवातावरील मेथोट्रेक्सेट हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. ते रोजची गोळी समजून घेतल्यामुळे रुग्ण दगावल्याच्या घटना अनेक देशांत नोंदल्या गेल्या आहेत. इन्सुलिनचा न उघडलेला साठा २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावा लागतो. ते बर्फाच्या कप्प्यात गोठले तर निकामी होते, आणि बाटलीकडे पाहून ते नेहमीच ओळखता येते असे नाही. प्रतिजैविकांच्या बाबतीत तर प्रश्न एका रुग्णापुरता राहत नाही. अर्धवट घेतलेल्या किंवा विनाकारण विकलेल्या प्रतिजैविकांमुळे जंतू त्या औषधांना जुमानेनासे होतात. म्हणूनच १ मार्च २०१४ पासून काही प्रतिजैविके, क्षयरोगावरील औषधे व सवय लावणारी औषधे यांची ‘एच-१’ ही वेगळी अनुसूची लागू झाली. त्यांची विक्री करताना डॉक्टरचे नाव व पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि त्याचे परिमाण यांची नोंद स्वतंत्र वहीत करावी लागते आणि ती वही तीन वर्षे जपून ठेवावी लागते.

औषधाच्या फळीपुढे उभा असलेला माणूस हा अशा रीतीने डॉक्टर आणि रुग्ण यांच्यामधील शेवटचा तपासनीस असतो. त्याच्या नजरेतून सुटलेली चूक थेट रुग्णाच्या घरात पोहोचते.

अमेरिकेतील तंत्रज्ञ आणि त्याचे ऑनलाइन प्रशिक्षण

‘प्रमाणित फार्मसी टेक्निशियन’ ही संज्ञा मुख्यतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील आहे. तेथे फार्मासिस्ट होण्यासाठी डॉक्टर ऑफ फार्मसी ही पदवी लागते. त्याच्या हाताखाली चिठ्ठ्यांची नोंद करणे, गोळ्या मोजणे, लेबल लावणे, विमा कंपन्यांशी व्यवहार पाहणे, साठा तपासणे ही कामे करणारा मदतनीस म्हणजे टेक्निशियन. चिठ्ठी योग्य आहे काय याचा निर्णय आणि रुग्णाला सल्ला देणे ही कामे फार्मासिस्टकडेच राहतात.

या मदतनिसांच्या ज्ञानाची एकसारखी कसोटी असावी म्हणून १९९५ मध्ये तेथील व्यावसायिक संघटनांनी मिळून एक राष्ट्रीय प्रमाणन मंडळ स्थापन केले. या मंडळाच्या परीक्षेत ९० बहुपर्यायी प्रश्न असून त्यांची उत्तरे १ तास ५० मिनिटांत द्यावयाची असतात. औषधांची माहिती, केंद्रीय कायदे, रुग्णाची सुरक्षितता व गुणवत्ता, आणि चिठ्ठीची नोंद व तिच्यावरील प्रक्रिया असे तिचे चार भाग आहेत. परीक्षेस बसण्यासाठी मंडळाने मान्य केलेला शिक्षणक्रम पूर्ण करावा लागतो, अन्यथा औषधालयातील किमान ५०० तासांच्या कामाचा अनुभव दाखवावा लागतो. प्रमाणपत्र दर दोन वर्षांनी नूतन करावे लागते व त्यासाठी २० तासांचे पुढील शिक्षण आवश्यक असते.

मान्य शिक्षणक्रमांपैकी अनेकांचा तात्त्विक भाग ऑनलाइन शिकता येतो. नोकरी करणाऱ्या, लहान मुले असलेल्या किंवा महाविद्यालयापासून दूर राहणाऱ्या व्यक्तींना त्याचा मोठा उपयोग होतो. औषधांची मूळ नावे व व्यापारी नावे पाठ करणे, मात्रेची गणिते सोडविणे, कायद्याच्या तरतुदी समजून घेणे हे पडद्यासमोर बसून चांगले साधते. एखादा धडा समजेपर्यंत पुन्हा पुन्हा पाहता येतो. तथापि तेथेही प्रत्येक राज्याच्या फार्मसी मंडळाचे नियम वेगळे आहेत. कोठे नोंदणी लागते, कोठे परवाना. कोठे राष्ट्रीय प्रमाणपत्र सक्तीचे आहे, कोठे नाही. ऑनलाइन शिक्षणक्रम पूर्ण केला म्हणजे सर्व राज्यांत कामाची मुभा मिळाली, असे तेथील विद्यार्थ्यालाही म्हणता येत नाही.

एका बालिकेचा मृत्यू व त्यानंतरचा कायदा

मदतनिसाच्या प्रशिक्षणाकडे दुर्लक्ष झाले तर काय होते, हे अमेरिकेतील ओहायो राज्यात २००६ साली दिसून आले. कर्करोगावर उपचार घेत असलेल्या दोन वर्षांच्या एका बालिकेसाठी शिरेतून द्यावयाचे द्रावण रुग्णालयाच्या औषधालयात तयार करण्यात आले. त्यात मिठाचे प्रमाण १ टक्क्याहूनही कमी असावयास हवे होते, प्रत्यक्षात २३.४ टक्के तीव्रतेचे द्रावण वापरले गेले. तयार करणारी व्यक्ती टेक्निशियन होती आणि तपासणाऱ्या फार्मासिस्टच्या लक्षात ती चूक आली नाही. बालिकेचा मृत्यू झाला. त्या फार्मासिस्टचा परवाना गेला आणि त्याला सहा महिन्यांची कैद झाली. टेक्निशियनसाठी मात्र त्या राज्यात त्या वेळी प्रशिक्षणाची वा परीक्षेची कोणतीही सक्ती नव्हती. बालिकेच्या मातापित्यांनी हा प्रश्न लावून धरला आणि २००९ मध्ये ओहायोत टेक्निशियनच्या प्रशिक्षणासाठी व परीक्षेसाठी कायदा झाला. तो त्या बालिकेच्या नावावरून ‘एमिलीचा कायदा’ म्हणून ओळखला जातो.

या घटनेतून दोन गोष्टी स्पष्ट होतात. औषधालयातील मदतनिसालाही योग्य शिक्षण हवे, ही पहिली. मदतनीस कितीही शिकलेला असला तरी अंतिम तपासणीची जबाबदारी फार्मासिस्टवरच येते, ही दुसरी.

महाराष्ट्रातील मार्ग

आपल्या देशातील फार्मसी अधिनियमात टेक्निशियन असा नोंदणीचा वेगळा वर्ग नाही. दुकानात फळ्या लावणे, माल उतरवून घेणे, बिले करणे यांसाठी मदतनीस असू शकतो व त्याला त्या कामाचे प्रशिक्षणही देता येते. परंतु त्या प्रशिक्षणाच्या बळावर त्याला स्वतः चिठ्ठीवरची औषधे देता येत नाहीत, की स्वतःच्या नावावर दुकान चालविता येत नाही. अमेरिकेतील टेक्निशियनचे प्रमाणपत्र आणले तरी त्यावर येथे नोंदणी होत नाही. शिवाय वर सांगितलेल्या राष्ट्रीय मंडळाचे प्रमाणपत्र अमेरिकेत व तिच्या अखत्यारीतील प्रदेशांत राहणाऱ्यांसाठीच आहे; महाराष्ट्रातील गावात राहून ते मिळविण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

फार्मासिस्ट होण्यासाठी किमान अर्हता औषधनिर्माणशास्त्र पदविका, म्हणजे डी. फार्म., ही आहे. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र किंवा गणित हे विषय घेऊन बारावी उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला तिला प्रवेश मिळतो. फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या २०२० च्या शिक्षण विनियमांप्रमाणे पहिल्या वर्षी औषधरचनाशास्त्र, औषधी रसायनशास्त्र, वनौषधिशास्त्र, शरीररचना व शरीरक्रियाशास्त्र आणि सामाजिक औषधशास्त्र हे विषय असतात. दुसऱ्या वर्षी औषधांची शरीरावरील क्रिया, रोगोपचार, जीवरसायन, औषधालयाचे व्यवस्थापन, रुग्णालयीन औषधसेवा आणि औषधविषयक कायदे व नीती यांचा अभ्यास होतो. तात्त्विक आणि प्रात्यक्षिक अशा दोन्ही तासांना किमान ७५ टक्के उपस्थिती आवश्यक आहे. राज्यात या पदविकेच्या परीक्षा महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळ घेते.

दोन वर्षे पूर्ण झाली की शिक्षण संपत नाही. त्यानंतर रुग्णालयात किंवा परवानाधारक औषधालयात किमान तीन महिने, एकूण ५०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण घ्यावे लागते. त्यातील निदान २५० तास चिठ्ठीवरील औषधे प्रत्यक्ष देण्यात गेले पाहिजेत. शिवाय २०२२ मध्ये पदविकाधारकांसाठी एक्झिट परीक्षेचे विनियम प्रसिद्ध झाले असून पहिली परीक्षा ऑक्टोबर २०२४ मध्ये घेण्यात आली. हे सर्व सोपस्कार झाल्यावर राज्याच्या फार्मसी कौन्सिलमध्ये नोंदणी होते व तेव्हाच ती व्यक्ती नोंदणीकृत फार्मासिस्ट ठरते.

अमेरिकेतील अनुभवाच्या अटीत आणि आपल्या पदविकेच्या अटीत ५०० तास हा आकडा सारखाच आहे, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. दोन देशांची व्यवस्था वेगळी, पदे वेगळी, शिक्षणाचा कालावधी वेगळा. परंतु हे काम जाणकाराच्या नजरेखाली प्रत्यक्ष करून शिकावे लागते, हे दोन्हीकडे मान्य झालेले आहे.

ऑनलाइन शिक्षणाचे योग्य स्थान

याचा अर्थ ऑनलाइन शिक्षण त्याज्य आहे असा नव्हे. २०२० व २०२१ मध्ये कोविडच्या साथीत महाविद्यालये बंद असताना तात्त्विक विषयांची व्याख्याने याच साधनाने विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचली. दुर्गम तालुक्यातील महाविद्यालयाला दूरच्या तज्ज्ञाचे व्याख्यान आज सहज उपलब्ध होते. ज्यांची नोंदणी पूर्वीच झाली आहे, त्यांचे ज्ञान ताजे ठेवण्यासही या साधनाची मदत होऊ शकते. फार्मसी व्यवसाय विनियम, २०१५ प्रमाणे नोंदणीकृत फार्मासिस्टने पाच वर्षांत किमान दोन उजळणी वर्गांस उपस्थित राहावयाचे असते. नवी औषधे सतत बाजारात येत असताना ही उजळणी किती आवश्यक आहे, हे वेगळे सांगावयास नको.

ऑनलाइन शिक्षण हे पूरक म्हणून उपयुक्त ठरते; नोंदणीची अर्हता मात्र त्यातून प्राप्त होत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या विनियमांनी दूरस्थ व ऑनलाइन पद्धतीने ज्या शाखांतील शिक्षणक्रम चालविण्यास मनाई केली, त्यांत वैद्यक, परिचर्या व दंतवैद्यक यांच्याबरोबर औषधनिर्माणशास्त्राचाही समावेश आहे. पदविकेच्या बाबतीत उपस्थितीची व प्रत्यक्ष प्रशिक्षणाची अट हाच निर्णायक अडसर आहे.

शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी काय पाहावे?

एखादा विद्यार्थी अशा अभ्यासक्रमाची माहिती घेऊन आला, तर त्याला तीन प्रश्न विचारावेत. ती संस्था त्या शैक्षणिक वर्षासाठी फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या मान्य संस्थांच्या यादीत आहे काय? अभ्यासक्रम पूर्ण झाल्यावर राज्याच्या फार्मसी कौन्सिलमध्ये नोंदणी होते काय? आणि ५०० तासांचे प्रशिक्षण कोठे व कोणाच्या देखरेखीखाली होणार आहे? यांपैकी एकाही प्रश्नाला समाधानकारक उत्तर नसेल, तर पैसे भरण्यापूर्वी थांबणे इष्ट. मान्य संस्थांची यादी परिषदेच्या संकेतस्थळावर पाहावयास मिळते. शाळेच्या संगणकावर ती विद्यार्थ्याला दाखविणे हे दहा मिनिटांचे काम आहे. शेतकरी कुटुंबाने कर्ज काढून भरलेली फी आणि विद्यार्थ्याचे वाया जाणारे वर्ष यांच्या तुलनेत ही दहा मिनिटे फार मोलाची आहेत.

ग्रामपंचायतीच्या दृष्टीने या विषयाला दुसरीही बाजू आहे. किरकोळ विक्रीचा परवाना दुकानात लोकांना दिसेल अशा ठिकाणी लावणे बंधनकारक आहे. २०१५ च्या विनियमांप्रमाणे फार्मासिस्टने पांढरा अंगरखा व आपले नाव आणि नोंदणी क्रमांक असलेला बिल्ला धारण करावयाचा असतो. परवान्यावर नाव एकाचे आणि दिवसभर औषधे देणारा दुसराच, अशी स्थिती कोठे आढळली, तर अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयाकडे तक्रार करता येते. एक हजारापर्यंत लोकवस्तीच्या खेड्यात पॅरासिटामॉलच्या गोळ्या, वेदनाशामक मलम यांसारखी काही घरगुती औषधे परवान्याशिवाय विकण्याची सवलत नियमांत आहे. मात्र तिच्या आधारे किराणा दुकानातून प्रतिजैविके विकता येत नाहीत, हे ग्रामसभेत एकदा तरी समजावून सांगावयास हवे.

गावातील माणूस डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानात येतो, तेव्हा त्यावरील अक्षरे त्याला वाचता येत नाहीत आणि पाकिटावरचा मजकूरही बहुधा इंग्रजीत असतो. समोरच्या माणसाने दिले ते बरोबरच असणार, या एका विश्वासावर तो औषध घेऊन घरी जातो. त्या विश्वासाला पात्र ठरण्यासाठी दोन वर्षांचे शिक्षण, ५०० तासांचा सराव आणि नोंदवहीतील एक क्रमांक लागतो. आपल्या गावचा मुलगा किंवा मुलगी त्या ठिकाणी उभी राहावी, असे ज्यांना वाटते, त्यांनी तिला प्रवेशाच्या वेळीच हा मार्ग दाखवून द्यावा.